न विचारता ठरलेला कागद

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला)

"या वर्षी अंकासाठी कशावर लिहितेस?" असे मैत्रिणींनी विचारले, तेव्हा "कागदाच्या मापावर" असे मी सांगताच त्या हसू लागल्या. एक म्हणाली, "अगं, तू थळची. समुद्रावर लिही, खांदेरीवर लिही. कागदाच्या मापावर लिहिलेलं कोण वाचणार?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. दाराशी समुद्र आणि समुद्रात खांदेरी-उंदेरी असताना कागदाची लांबी-रुंदी सांगत बसणे म्हणजे अरसिकपणाच. परंतु गेल्या वर्षी कागदाच्या एका मापाने आमच्या घरात जो प्रसंग आणला, तो माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा लेख.

नोव्हेंबरातली गोष्ट. बाबांना एका कार्यालयात अर्ज द्यायचा होता. अर्जाचा नमुना संगणकावर मिळत होता. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. साहजिकच कागदपत्रांचे सारे काम माझ्याकडे. मी एका संगणक केंद्रात गेले, नमुना उतरवून घेतला, नाव-गाव, होडीचा तपशील नीट टंकला आणि छापायला दिला. प्रिंटर घरघरला आणि थांबला. त्याचा लाल दिवा मिचमिचू लागला आणि चिमुकल्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरे आली : 'लोड लेटर'. केंद्रातल्या दादाने ती वाचून मला विचारले, "पत्र आणलंय का काही सोबत?" मी म्हटले, "पत्र नाही, अर्ज आहे." दोघेही गोंधळलो. शेवटी त्याने एक बटण दाबले आणि कागद बाहेर आला. "हे यंत्र असंच करतं," तो म्हणाला. मी पैसे दिले व घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाबा अर्ज घेऊन गेले. ऐन उधाणाचे दिवस, डोलीला मासळी लागण्याचे दिवस. तरी होडी ठेवून गेले. दुपारी तसेच परत आले. अर्जाच्या अगदी तळाशी 'अर्जदाराची सही अथवा अंगठा' अशी जी ओळ असायला हवी होती ती छापलेलीच नव्हती. बाबांनी मोकळ्या जागेत सही केली होती. "हा आमचा नमुना नाही, सहीचा रकाना कुठे आहे?" असे म्हणून अर्ज परत आला. मी रागाने काही बोलणार, तोच बाबा शांतपणे म्हणाले, "जाव दे. आपलाच कायतरी चुकला आसंल."

मित्रहो, या वाक्याने मला जितके लागले तितके अर्ज परत आल्याने लागले नाही. कारण आमचे काहीही चुकले नव्हते. नाव बरोबर होते, माहिती बरोबर होती, सही बरोबर होती. चूक होती ती एका यंत्रात, कोणीतरी, कधीतरी, कोणालाही न विचारता गृहीत धरलेल्या एका शब्दात. तो शब्द म्हणजे 'लेटर'.

हे 'लेटर' म्हणजे पत्र नव्हे. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कागदाचे ते नाव आहे. साडेआठ इंच रुंद व अकरा इंच लांब, म्हणजे मिलीमीटरमध्ये सुमारे २१६ बाय २७९. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून विद्यापीठाच्या कचेरीपर्यंत जो कागद चालतो तो ए-फोर, २१० बाय २९७. म्हणजे आपला कागद सुमारे ६ मिलीमीटर अरुंद आणि सुमारे १८ मिलीमीटर लांब. यंत्राला वाटत होते की पेटीत अमेरिकन कागद आहे. पेटीत होता आपला. म्हणून ते थांबून 'लेटर कागद घाला' असे सांगत होते. बटण दाबल्यावर त्याने आपल्या समजुतीप्रमाणे लहान कागदावर मावेल तेवढेच छापले. अशा वेळी मजकूर कधी वरून कापला जातो, कधी खालून, कधी सगळाच आकसतो. आमच्या नशिबी खालची ओळ आली, आणि कोणत्याही अर्जाची खालची ओळ म्हणजे सही.

येथे कोणी म्हणेल की एवढ्याशा फरकाचे काय घेऊन बसलात? मी म्हणते, फरक मोठा आहे की लहान, हे जिथे तो पडतो त्या जागेवर ठरते.

आता ए-फोर हे माप आले कुठून, तेही थोडे पाहू. कारण ते मुळात फार शहाणपणाचे माप आहे. जर्मनीतील ग्योटिंगन येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक लिख्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात अशा कागदाचा गुण सांगितला होता की जो मधोमध दुमडला तरी त्याचा आकार, म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण, तेच राहते. हे प्रमाण १ ला वर्गमूळ २. पुढे वाल्टर पोर्स्टमान यांनी ही कल्पना उचलली आणि १९२२ साली ते जर्मनीचे प्रमाणित माप झाले. १९७५ साली आंतरराष्ट्रीय झाले. मालिकेतील सर्वांत मोठा कागद ए-झिरो; त्याचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. त्याला चार वेळा निम्मे केले की ए-फोर. म्हणून सोळा ए-फोर मिळून एक चौरस मीटर होतो, आणि ८० ग्रॅमच्या कागदाचे एक पान बरोबर ५ ग्रॅम भरते. परीक्षेच्या आदल्या दिवशी आपण झेरॉक्सवाल्याकडे 'दोन पानं एका पानात' करून घेतो, तेव्हा ती दोन्ही पाने जागा न दवडता मावतात ती या वर्गमूळ दोनच्या कृपेने. लेटर कागदाला हे जमत नाही. तो दुमडला की त्याचा आकारच बदलतो. भारतीय मानकानेही ए-मालिकाच स्वीकारली आहे. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, फिलिपिन्स असे थोडे देश सोडले तर जवळजवळ सारे जग ए-फोर वापरते.

मग आमच्या अलिबाग तालुक्यातल्या यंत्राला अमेरिकन कागद कोणी शिकवला?

त्या केंद्रातल्या यंत्रावर लिनक्स होते. लिनक्स ही युनिक्सच्या धर्तीची प्रणाली. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा आरंभ केला. ती विनामूल्य मिळते म्हणून लहान केंद्रांना परवडते. युनिक्स स्वतः १९६९ साली अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत जन्मले. गंमत अशी की, त्याला पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते कागदासाठीच. १९७१ च्या सुमारास त्या प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला अर्ज टंकून, मांडून हवे होते. ते काम युनिक्सने करून दाखवले आणि त्याला मान्यता मिळाली. म्हणजे या प्रणालीचा पाया अर्ज छापण्यावरच उभा आहे! त्या देशात टंकलेखनाचा कागद अकरा इंचांचा आणि एका इंचात सहा ओळी. म्हणून एका पानाच्या ओळी सहासष्ट. युनिक्सच्या धर्तीच्या प्रणालींत मजकुराची पाने पाडणारी 'पीआर' नावाची एक जुनी आज्ञा आहे. तिला पानाची लांबी सांगितली नाही, तर ती आजही सहासष्ट ओळींचे पान धरते. ए-फोरवर त्याच हिशेबाने सत्तर ओळी बसतात. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका खोलीत जो कागद हाताशी होता, त्याची लांबी आज आमच्या किनाऱ्यावरच्या यंत्रात मुक्कामाला आहे. तिला कोणी मुद्दाम पाठवली नाही. पण कोणी परतही पाठवली नाही.

अर्ज परत आल्यावर मी त्या केंद्रात पुन्हा गेले. भांडायला गेले होते, पण दादा भला निघाला. "चल, शोधू या," म्हणाला. शोधता शोधता आमच्या लक्षात आले की यंत्र प्रथम बसवताना भाषा म्हणून 'इंग्रजी (अमेरिका)' निवडली गेली होती. यादीत ती वरच दिसते, म्हणून बोट तिथे पडले असावे. या प्रणालीत भाषेबरोबर त्या त्या देशाचे रिवाज गठ्ठ्याने येतात : तारीख कशी लिहावी, चलनाचे चिन्ह कोणते, आणि कागद केवढा. कागदाच्या या सदराला 'एलसी पेपर' म्हणतात. अमेरिकन इंग्रजीत तेथे २७९ आणि २१६ हे आकडे आहेत. 'मराठी (भारत)' किंवा नुसती 'इंग्रजी (भारत)' निवडली असती, तर तेथे २९७ आणि २१० आले असते. हे समजले तेव्हा मी क्षणभर गप्पच झाले. म्हणजे आपली भाषा निवडली असती तर कागदही आपलाच आला असता!

मग आम्ही दुरुस्तीला लागलो. डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या प्रणालींत 'ईटीसी' नावाच्या फोल्डरात 'पेपरसाइझ' नावाची एक लहानशी फाइल असते. तिच्यात मुळात एकच शब्द : कागदाचे नाव. आमच्या यंत्रात तेथे 'लेटर' होते. ती फाइल बदलायला यंत्राच्या मुख्य चालकाचा, ज्याला 'रूट' म्हणतात त्याचा अधिकार लागतो. दादाकडे तो होता. त्याने 'लेटर' पुसून 'ए-फोर' लिहिले. आम्ही जिंकल्याच्या आनंदात पान छापले, आणि दिवा पुन्हा मिचमिचला!

तेव्हा कळले की गृहीत धरलेली गोष्ट एकाच जागी राहत नाही. प्रणालीचे माप एक. प्रिंटर जेव्हा प्रथम जोडला गेला तेव्हा त्याच्या नावे नोंदले गेलेले माप दुसरे. आणि लिहिण्याच्या कार्यक्रमात प्रत्येक दस्तऐवजाचे स्वतःचे माप तिसरे. वरचे बदलले तरी खालचे आपोआप बदलत नाही. प्रणाली जे ठरवते ते नव्याने जोडल्या जाणाऱ्या प्रिंटरला लागू. जुन्या प्रिंटरने आपली जुनी समजूत धरून ठेवलेली असते. प्रिंटरच्या नोंदीत जाऊन तेथेही 'ए-फोर' केले, तेव्हा कुठे पान मुकाट्याने बाहेर आले. सही अथवा अंगठ्याची ओळ तळाशी स्वच्छ उमटली होती. सारे मिळून अर्धा तासही लागला नाही. बाबांचा मात्र एक दिवस गेला होता, आणि त्यांच्याआधी त्या यंत्रावर छापून नेलेल्या आणखी कितीजणांचा गेला असेल, कोण जाणे. त्यांनीही घरी जाऊन तेच म्हटले असेल, "आपलंच काहीतरी चुकलं असेल."

या प्रसंगावरून मला जे म्हणायचे आहे ते असे. संगणकाच्या भाषेत ज्याला 'डिफॉल्ट' म्हणतात, त्याला आपण निसर्गनियम समजतो. भरती-ओहोटीसारखे ते असतेच, असे वाटते. वस्तुतः तो एका माणसाचा निर्णय असतो. ज्या देशाचा हा लेटर कागद, तेथेही तो काही सनातन नव्हे. तेथील केंद्र सरकारच्या कचेऱ्या १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत आठ बाय साडेदहा इंचांचा वेगळाच कागद वापरीत. मग त्यांनी ठरवले आणि बदलला. आपल्याकडेही तसेच. कोर्टकचेरीत वर्षानुवर्षे लांबलचक लीगल कागद, त्याच्या एकाच बाजूला मजकूर. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून दोन्ही बाजूंनी छापलेला ए-फोर घ्यायचे ठरवले. १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले. माझी आजी अजून 'चार आणे' म्हणते, पण हिशेब पैशांतच करते. माणसांनी ठरवलेले माणसांना बदलता येते, हे एवढे साधे आहे.

अर्थात दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आमचे एक सर म्हणाले, "प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला विचारून ठरवायची म्हटले, तर यंत्र चालायचेच नाही. पान छापण्यापूर्वी त्याने शंभर प्रश्न विचारले तर तुम्हीच वैतागाल." हे मला मान्य आहे. काहीतरी गृहीत धरावेच लागते आणि चांगले गृहीत हे उपकारच असतात. माझ्या बाबांची डोल घ्या. तिचा आस, म्हणजे दोन गाठींमधली जागा, तोंडाशी मोठा आणि शेपटाकडे बारीक. हे बाबांनी ठरवलेले नाही, वाडवडिलांकडून आले. रोज उठून ते त्याचा विचार करीत नाहीत. पण एक फरक आहे. जाळ्यात काय राहते आणि काय निसटते ते त्या आसावर ठरते, हे बाबांना माहीत आहे. मासळी निसटू लागली तर ते समुद्राला दोष देत नाहीत, स्वतःलाही देत नाहीत; जाळे अंगणात पसरून तपासतात. तेच बाबा छापील कागदासमोर मात्र स्वतःला दोष देतात. कारण जाळे त्यांच्या ओळखीचे आहे, कागद नाही. कागद शिकलेल्यांचा, यंत्र त्याहून शिकलेल्यांचे. तेव्हा चूक असली तर ती आपलीच, असा त्यांचा हिशेब.

माझा आक्षेप गृहीत धरण्याला नाही. जे गृहीत धरले आहे ते कुठे लिहून ठेवले आहे हे लपून राहते, आणि त्याची किंमत ज्याला विचारलेच नव्हते त्याला मोजावी लागते, याला आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कचेरीत असे झाले तर कोणीतरी माणूस बोलावून दहा मिनिटांत दुरुस्त करील. गावातल्या केंद्रात 'हे यंत्र असंच करतं' एवढ्यावर ते वर्षभर चालते.

आणि हा विषय विज्ञान शाखेचा, आपण कला शाखेच्या मंडळींनी त्यात पडू नये, हेही मला पटत नाही. राज्यशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की नियम कोणी केला, कोणासाठी केला, तो कोठे नोंदला आहे आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न नागरिकाने विचारावेत. त्या एका शब्दाच्या फाइलीला हेच चार प्रश्न लागू पडतात. तिला 'रूट' आहे, तिला प्रजा आहे. एवढेच नव्हे, तर त्या प्रणालीने सामान्य वापरणाऱ्यालाही स्वतःपुरते वेगळे माप सांगण्याची मुभा ठेवलेली आहे. सर्वांचे बदलता आले नाही तरी स्वतःचे बदलता येते. ही मुभा आहे हे ठाऊक नसले, तर ती असून नसल्यासारखीच.

तेव्हा माझ्या काही साध्या सूचना आहेत. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात यंत्रे नव्याने बसवली जातील, तेव्हा भाषा व प्रदेश निवडताना 'भारत' निवडावे. जमल्यास मराठीच निवडावी. कागदाचे माप जिथे बदलते त्या तीन जागा, प्रणाली, प्रिंटर आणि दस्तऐवज, एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून प्रिंटरशेजारी टांगाव्यात. मुंबईच्या आय. आय. टी.चा 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम लिनक्सचे धडे मराठीतूनही देतो. त्याचा लाभ कला शाखेनेही घ्यावा. अर्ज मागवणाऱ्यांनी नमुन्यावर कागदाचे माप छापावे आणि सहीची ओळ अगदी काठाला न ठेवता दोन बोटे वर घ्यावी. माहिती पुरी असेल, तर छपाईच्या दोषापायी माणसाला परत पाठवू नये.

आणि शेवटची सूचना आपल्यासाठी, म्हणजे घरातून पहिल्यांदाच इथवर आलेल्यांसाठी. आपल्यापैकी पुष्कळजण घरच्यांचे अर्ज भरतात, रांगेत उभे राहतात, 'नाही चालणार' हे ऐकून परततात. काही अडले की पहिली शंका स्वतःवर घेण्याची सवय आपल्याला घरातून लागली आहे. ती सवय नम्रतेची असेल, पण प्रत्येक वेळी ती खरी नसते. चूक आपली असेल तर जरूर मान्य करू. पण मान्य करण्यापूर्वी एकदा विचारू या : हे कोणी ठरवले, आणि ते कुठे लिहिले आहे?

बाबांचा अर्ज दुसऱ्या खेपेला घेतला गेला. घरी आल्यावर मी त्यांना ती फाइल, तो एक शब्द, अमेरिकेचा कागद, सारे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे आपला चुकला नवता?" मी म्हटले, "नाही बाबा, आपलं नव्हतं चुकलं." त्यावर ते काही बोलले नाहीत, जाळे विणायला बसले. पण परवा शेजारचे काका त्यांचा एक कागद छापून घ्यायला निघाले, तेव्हा बाबांनी त्यांना ओट्यावरूनच हाक मारून सांगितले, "छापून झाल्याव खालची वळ बघून घ्ये. नसंल तं परत छापाला सांग. आपली चूक नसते ती."